बंदूक आपली, काडतूस दुसऱ्याचं

मराठीतला 'बंदूक' हा शब्द मूळचा अरबी आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचाचं फळ, ज्याला आज आपण हेझलनट म्हणतो, आणि त्याच आकाराची मातीची किंवा शिशाची गोळी. गोळीवरून हत्याराला नाव पडलं. 'काडतूस' मात्र पोर्तुगीज आहे; गोवा-वसईच्या वाटेने आलेला. म्हणजे हत्याराचं नाव एका दर्यावर्दी लोकांकडून घेतलं आणि त्यात घालायच्या दाण्याचं दुसऱ्यांकडून.

भाषेतला हा योगायोग लक्षात ठेवा. कारण बंदूक बाळगणाऱ्यांच्या आवडीनिवडी कशा बदलत गेल्या, हे बहारीनच्या इतिहासात शोधू लागलं की शेवटी याच दोन शब्दांपाशी येऊन थांबावं लागतं. नव्या मालकाला नळी दिसते, कुंद्यावरचं रुप्याचं काम दिसतं, बाराचा आवाज आवडतो. दोन-चार प्रसंग अंगावरून गेले की तो वेग विचारू लागतो: एका दमात किती बार निघतात? आणि खरा अनुभवी झाला की त्याचा प्रश्न एकच उरतो. ही आज चालते, पण उद्याचा दारूगोळा कुठून आणायचा?

तुम्ही बहारीनमध्ये राहत असाल तर १६ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुमारास 'अरदा' पाहिला असेल. पांढऱ्या थोबांची रांग, ढोल, हळू डोलणाऱ्या तलवारी आणि मधूनच खांद्यावर टेकलेल्या जुन्या रायफली. आपली नजर तलवारीवर जाते. पुढच्या वेळी रायफलीकडे बघा. त्या अमुकच प्रकारच्या का, याचं उत्तर चारशे वर्षं लांब आहे.

बहारीनच्या भूमीवर बंदुकीने निकाल लावल्याची ठळक नोंद १५२१ ची. तेव्हा बेटावर जब्री घराण्याचा मुकरिन याचं राज्य होतं. होर्मुझहून अंतोनियो कोरेया पोर्तुगीज आणि होर्मुझी फौज घेऊन आला. मुकरिन लढाईत जखमी झाला आणि काही दिवसांत मरण पावला. कोरेयाला हा विजय इतका मोठा वाटला की त्याने आपल्या घराण्याच्या मानचिन्हात त्या राजाचं कापलेलं शिर घेतलं. पुढे १६०२ पर्यंत बहारीनवर पोर्तुगीजांचा अंमल राहिला. आज कलात अल-बहारीनच्या टेकाडावर जो बुरूजबंद किल्ला आपण पाहुण्यांना दाखवतो, त्याला लोक अजून 'पोर्तुगीज किल्ला' म्हणतात.

होर्मुझच्या त्या ठाण्यामागे गोवा होतं. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांना तिथे चांगले बंदूक घडवणारे कारागीर आयते मिळाले. आल्बुकर्कने आपल्या राजाला कळवलं होतं की गोव्याचे कारागीर युरोपातल्या नामांकित कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. म्हणजे सोळाव्या शतकात आखाती किनाऱ्यावर बंदुकीची जी ओळख झाली, तिच्या एका टोकाला मांडवीकाठचे लोहार होते.

ती बंदूक तोड्याची. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी असलेल्या रंजकदाणीत चिमूटभर बारीक दारू ठेवायची. चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर येतो आणि बार होतो. अरबीत हिचं नाव 'अबू फतीला', वातवाली. 'फतीला' म्हणजे वात. आपल्या मराठीतला 'पलिता' हा त्याच शब्दाचा फिरून आलेला अवतार. तोफेच्या कानाला पलिता लावणारा गोलंदाज आणि वाळवंटात उंटावरून उतरून तोडा फुंकणारा बदू, दोघांच्या तोंडी एकच शब्द होता.

आता प्रश्न असा की ही तोड्याची बंदूक इतकी टिकली कशी? युरोपातल्या फौजांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती टाकून दिली आणि चकमकीची बंदूक घेतली. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडायची, पेटता तोडा जवळ बाळगायला नको, रात्री लाल ठिपका दिसून ठिकाण उघडं पडायला नको, भरणंही लवकर. सगळ्या बाजूंनी सरस. तरी अरबस्तानात आणि आपल्या दख्खनमध्ये तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही हातात होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. आपणही पुष्कळदा तसंच म्हणतो.

पण मालकाच्या जागी उभे राहून हिशेब करा. तोड्याच्या बंदुकीला काय लागतं? सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू, जी गावात कुटून होते. शिसं, जे बाजारात मिळतं आणि चुलीवर वितळतं. सुताची दोरी, सोऱ्याच्या पाण्यात भिजवलेली. चाप बिघडला तर गावचा लोहार दुरुस्त करतो, आणि अगदीच तुटला तर हातात तोडा धरूनही बार काढता येतो. चकमकीच्या बंदुकीला मात्र चांगली कमान हवी, नेमकी पाणी दिलेली. आणि योग्य जातीची, नीट घडवलेली गारगोटी हवी, जी काही डझन बारांनंतर बोथट होते. कवायती पलटणीला कोठारातून हे सगळं मिळतं. एकट्या माणसाला मिळत नाही. शिवाय देशी तोड्याच्या बंदुकीची नळी लांब असे, गोळी नेमकी बसवलेली असे, आणि आडोशाला बसून एकेक माणूस टिपायचा तर ती कंपनीच्या मस्केटपेक्षा लांब आणि नेमकी मारते, अशी कबुली तिच्यासमोर उभं राहिलेल्या इंग्रजांनीच दिली आहे.

मराठ्यांच्या फौजेतला शिलेदार आणि बारगीर हा फरक इथे फार उपयोगी पडतो. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगिराचं सरकारी. बारगिराला जे मिळेल ते चालतं, कारण मोडलं तर सरकार दुसरं देईल. शिलेदार घेण्याआधी दहादा विचार करतो. हाच भेद बंदुकीत आणा. इब्राहिमखानाचे गारदी १७६१ मध्ये पानिपतावर चकमकीच्या बंदुका घेऊन रांगेत उभे होते. महादजी शिंद्यांसाठी द ब्वान्यने कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हा आग्र्याला बंदुका आणि तोफांचा कारखानाच काढावा लागला, सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या हाताखाली. नवी बंदूक घ्यायची तर तिच्यामागे कारखाना हवा, हे महादजींना उमगलं होतं. गारदी हा बंदुकीचा बारगीर. आणि तोडेवाला अरब हा शिलेदार.

हे अरब आपल्याला नवे नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड आणि पेशवे यांच्या पदरी अरबांच्या शिबंद्या होत्या. त्यातले बहुतेक हद्रमौत आणि येमेनकडचे, बहारीनचे नव्हेत. पण हत्यार आणि त्याची रीत सगळ्या अरब किनाऱ्याची सारखीच. डिसेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा निकाल लागला होता, तरी नागपूर शहर या अरबांनी सोडलं नाही. इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि शेवटी वाटाघाटी करून, आपापली हत्यारं आणि सामान घेऊनच ते बाहेर पडले. हत्यार बरोबर नेऊ देण्याची अट त्यांनी सोडली नाही, हे लक्षात घ्या. राजा गेला, पगार बुडाला, तरी बंदूक स्वतःची होती.

पुढच्या वर्षी मालेगावला मात्र वेगळं घडलं. मे १८१८ च्या मध्यापासून काही शे अरबांनी तो भुईकोट जवळपास महिनाभर झुंजवला. इंग्रजांचे बरेच अधिकारी आणि शिपाई तिथे पडले. मग जास्त तोफा आल्या आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोफगोळे थेट किल्ल्यातल्या दारूच्या कोठारांवर पडले. कोठारं उडाली, तट ढासळला आणि १३ जूनला किल्ला खाली झाला. शरणागतीचा कागद मराठीत लिहिला होता आणि त्यातल्या उदार शब्दांचा अर्थ काय घ्यायचा यावर इंग्रजांमध्ये नंतर बराच खल झाला. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बंदुका शेवटपर्यंत शाबूत होत्या. संपली ती दारू.

तोडेवाल्यांचा जमाना संपवणारी बंदूक यानंतर पन्नास वर्षांनी आली, आणि तिने मालकांच्या आवडीला पहिला खरा धक्का दिला. १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. हिचं नाव तुम्ही झुलू युद्धाच्या चित्रपटांत ऐकलं असेल. तोंडातून ठासायची गरजच नाही. कुंद्याखालची तरफ खाली ओढली की पाठीमागून खाच उघडते, पितळी काडतूस सरकवायचं, तरफ वर, चाप, बार. गोळी, दारू आणि ठिणगी तिन्ही त्या पितळी नळकांड्यात बंद. एका वेळी एकच काडतूस, पण सरावलेला माणूस मिनिटाला दहाच्या आसपास बार काढू शकतो. लोळून, झोपून, उंटाआडून, कसंही भरता येतं. तोडेवाल्याला बार झाला की उभं राहून गज चालवावा लागे, आणि तेवढ्यात गोळी खावी लागे. हा फरक एकदा ज्याने समोरून पाहिला, त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. आखातातल्या अरबांनी तिचं नाव ठेवलं 'समआ', आणि बघता बघता प्रत्येक टोळीप्रमुखाला ती हवी झाली.

१८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने मार्टिनी सोडून ली-मेटफर्ड ही पेटीची, म्हणजे एकदम अनेक काडतुसं मावणारी, .३०३ ची रायफल घेतली. जुन्या मार्टिनी निकालात निघाल्या, बर्मिंगहॅम आणि बेल्जियमच्या कारखान्यांतून त्या धर्तीच्या नव्याही निघत होत्या, आणि गिऱ्हाईक होतं मस्कत, बुशेर आणि बहारीन. या व्यापारातली मोठी पेढी म्हणजे फ्रासिस टाइम्स अँड कंपनी. मस्कतला स्थायिक झालेल्या कच्छी भाटियांपैकी रतनसी पुरुषोत्तम यांचाही या व्यापारात हात होता. बहारीनमध्ये तर ब्रिटिश रेसिडेन्सीचा स्थानिक एजंट आगा मुहम्मद रहीम हाच बंदुकांच्या व्यवहारात गुंतलेला होता.

बहारीनकडे पैसा होता. मोत्यांचा. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि इथे चलन चालत होतं ते आपलंच, हिंदुस्थानी रुपया. (१९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच होता, हे नव्याने आलेल्या अनेकांना ठाऊक नसतं.) मोती मुंबईला, रुपये बहारीनला आणि रुपयांच्या बदल्यात विलायतेची मार्टिनी, असं चक्र होतं.

आता त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहा. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये हत्यारबंदीचा कायदा झाला होता. रत्नागिरीच्या शेतकऱ्याला रानडुकरं हाकायला साधी ठासणीची बंदूक बाळगायची तर परवाना लागत होता. काँग्रेस वर्षानुवर्षं हा कायदा सैल करा म्हणून ठराव करत होती. आणि त्याच सरकारच्या निशाणाखालच्या आगबोटी हजारांनी बंदुका घेऊन लंडनहून बुशेरला जात होत्या. कोणाच्या हातात बंदूक असावी, हे ठरवणाऱ्यांना तोवर आखातातल्या हातांची काळजी वाटत नव्हती.

ती काळजी १८९७ मध्ये वाटू लागली. त्या वर्षी वायव्य सरहद्दीवर तिराहमध्ये आफ्रिदींनी उठाव केला आणि इंग्रजी फौजेवर ज्या गोळ्या आल्या त्या इंग्रजी बनावटीच्या मार्टिनींतून. आखातातून मकरानच्या किनाऱ्यावर आणि तिथून उंटांवर लादून बंदुका अफगाण मुलखात जात आहेत, असा बोभाटा झाला. मग भराभर दारं बंद होऊ लागली. जानेवारी १८९८ मध्ये मस्कतच्या सुलतानाने इंग्रजांना झडतीचा अधिकार देणारा जाहीरनामा काढला आणि लगेच 'लॅपविंग' या युद्धनौकेने 'बलुचिस्तान' नावाच्या आगबोटीवरचा दारूगोळा जप्त केला. मालाची मालक फ्रासिस टाइम्स. कंपनीने नौदलाच्या कार नावाच्या अधिकाऱ्यावर लंडनमध्ये दावा लावला. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९०२ मध्ये कंपनी हरली. जप्ती मस्कतच्या हद्दीत, मस्कतच्या हुकमाने झाली, तेव्हा तिच्याबद्दल इंग्लंडात दाद मागता येत नाही, असा निकाल.

बहारीनची पाळी एप्रिल १८९८ मध्ये आली. शेख ईसा बिन अली यांनी बेटावर हत्यारं आणण्यास आणि बेटावरून नेण्यास बंदी घातली. ब्रिटिश आणि बहारीनी जहाजांची झडती घेण्यास मुभा दिली. त्यांना दुसरा मार्ग फारसा नव्हता. १८६१ च्या तहाने बहारीनने समुद्रावरची लढाई सोडून संरक्षण इंग्रजांवर सोपवलं होतं, १८८० आणि १८९२ च्या करारांनी परराष्ट्र व्यवहारही बांधून घेतले होते. मात्र परिणाम कसा झाला ते बघण्यासारखं आहे. एका कागदाने बेटावरची एकही बंदूक जप्त न करता सगळ्या बंदुकांचं आयुष्य मोजून टाकलं. तोड्याच्या बंदुकीवर असा कागद चालला नसता; दारू कुटायला कोणाची सही लागत नाही. मार्टिनी घेतली त्या दिवशीच तिच्या मालकाने, नकळत, आपली दोरी बंदरावर बांधली होती.

इथून पुढे मालकांची आवड कशी शहाणी होत गेली ते पाहणं फार मनोरंजक आहे. पहिल्या पिढीने नवी चीज म्हणून मार्टिनी घेतली होती. दुसऱ्या पिढीसमोर पेटीच्या रायफली आल्या: ली-मेटफर्ड, मग ली-एन्फिल्ड, जर्मन माउझर. दहा काडतुसांच्या ली-एन्फिल्डला अरबीत नाव पडलं 'उम्म अशर', दहाची आई. शिवाय या नव्या काडतुसात बिनधुराची दारू. मार्टिनीचा बार झाला की पांढरा लोट उठतो आणि तुम्ही कुठे बसला आहात ते सगळ्या मुलखाला कळतं; .३०३ ला ते भय नाही. मग जुनी मार्टिनी क्षणात कालबाह्य व्हायला हवी होती. झाली नाही. पुष्कळ जाणत्यांनी ती जवळच ठेवली. कारण तिच्या जाडजूड पितळी काडतुसाचं कवच जपून ठेवलं, तर घरच्या काळ्या दारूने आणि घरी ओतलेल्या शिशाने ते पुन्हा भरता येत होतं. फक्त तळाची टोपी मिळवावी लागे. .३०३ चं काडतूस बिनधुराच्या दारूवर चालणारं, ती दारू घरी होत नाही. ज्याच्याकडे पुरवठ्याची खात्री, त्याने दहाची आई घ्यावी. ज्याच्याकडे ती नाही, त्याने एकबारी मार्टिनी. आणि एकच काडतूस भरता येत असेल तर माणूस नेम धरून मारतो, हेही म्हातारे लोक तरुणांना सांगत असणार. दहा मावतात म्हणून दहा उडवणाऱ्याचा पट्टा सूर्य डोक्यावर येण्याआधी रिकामा.

पारखही बदलली. सुरुवातीला गिऱ्हाईक ठसा बघायचं. राणीचा मुकुट, तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं, सरकारी बाणाची खूण असली की माल अस्सल. लोकांना ठसा हवा आहे म्हटल्यावर ठसे बनू लागले. खैबरच्या आसपासच्या कारागिरांनी घरच्या भात्यावर हुबेहूब मार्टिनी आणि एन्फिल्ड घडवल्या आणि त्यांवर ठसेही मारले. कधी अक्षर उलटं, तर कधी राणी वारल्यानंतरचं साल राणीच्या नावाखाली. अशा बंदुका आजही संग्राहकांच्या हाती येतात. यातून जो शिकला तो ठसा सोडून नळीत डोकावू लागला: आतले पीळ झिजले आहेत का, काडतूस सैल बसतं का, खाच पुरती मिटते का. कुंद्यावरचं काम सर्वात शेवटी.

दार बंद करणाऱ्यांचीही पारख अशीच वाढली. बंदूक शोधत फिरण्यापेक्षा वाट अडवणं सोपं, हे इंग्रजांना कळलं. १९०९-१० पासून ओमानच्या आखातात युद्धनौकांची नाकेबंदी लागली, आणि १९१२ मध्ये मस्कतला सगळा माल सरकारी कोठारात ठेवण्याची सक्ती झाली. हे सगळं कागदावर आणि समुद्रावरच राहिलं असं मात्र नाही. डिसेंबर १९१० मध्ये 'हायसिंथ' या युद्धनौकेची माणसं बंदुकांच्या झडतीसाठी दुबईच्या गावात उतरली. गावकऱ्यांशी चकमक उडाली. गावातली ३७ माणसं मेली. बंदुकांचा व्यापार रोखण्याच्या इतिहासात दुबईची ही माणसं तळटीप म्हणून येतात. त्यांच्या घरात त्या दिवशी किती मार्टिनी होत्या आणि त्यातून किती काडतुसं उडाली, हा प्रश्न त्यानंतर गौणच ठरला असणार.

आणि मग ऑक्टोबर १९१४. बहारीनच्या नांगरवाड्यात मुंबईहून निघालेली आगबोटींची रांग येऊन उभी राहिली. त्यात सहाव्या पुणे डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण. तुर्कस्तान युद्धात उतरतं का, याची वाट पाहत ही माणसं बहारीनच्या दमट हवेत बोटींवरच थांबली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला फाओकडे गेली. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या ज्या मुलखात परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नव्हती, त्या मुलखातल्या तरुणांच्या खांद्यावर इथे सरकारी .३०३ होती. बारगीर, शब्दशः. त्यांना बंदूक निवडायची नव्हती आणि काडतुसाची चिंता करायची नव्हती. ते काम बसऱ्यामागच्या पुरवठ्याच्या ओळीचं होतं. ती ओळ कूतला तुटली. डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलेली ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिथे गोळ्या संपल्या नव्हत्या, अन्न संपलं होतं. जाण्याआधी सैन्याने आपल्या तोफा आपणच फोडल्या. मालेगावच्या अरबांचं दारूचं कोठार गेलं, कूतच्या मराठ्यांचं धान्याचं. दोन्हीकडे हातातली बंदूक चांगली चालत होती.

१ जून १९३२ ला जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागलं आणि बहारीनमध्ये पैसा, पोलीस आणि राज्ययंत्रणा यांचं रूप पालटलं. टोळीचा बचाव आता टोळीकडे उरला नव्हता. घरातली रायफल भिंतीवर गेली, तिथून लग्नाच्या वरातीत आणि अरदाच्या रांगेत. वाळवंटाच्या आतल्या भागात ती थोडी जास्त जगली. १९४६ ते १९५० च्या दरम्यान रब अल-खाली ओलांडणाऱ्या विल्फ्रेड थेसिजरच्या बदू सोबत्यांसाठी रायफल आणि तिची काडतुसं यांहून मोठी भेट नव्हती. आता इथे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण आवडीचा निकाल आपल्यासमोर उभा आहे. अरदात जे हत्यार डौलाने मिरवतं त्याला काडतूस लागतच नाही. नाचायला पुरवठ्याची ओळ नको.

उलट टोक पाहायचं असेल तर पुढच्या सुट्टीत सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत जाल तेव्हा आजूबाजूला विचारा. वानर आणि रानडुकरांपासून बाग राखण्यासाठी घेतलेल्या परवान्यांवर तिथल्या काही घरांत अजून ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत घरी येते. शहरातला पाहुणा हसतो, म्हणतो, अजून हीच? घरातला म्हातारा सहसा वाद घालत नाही. स्वस्त आहे, मोडली तर दुरुस्त होते, दारू-छर्रे थोडे लागतात, इतकंच सांगतो. हे तीनही मुद्दे मकरानच्या किनाऱ्यावरच्या, मालेगावच्या तटावरच्या आणि मुहर्रकच्या गल्लीतल्या माणसाला लगेच पटले असते.

आपण परदेशात राहणारे लोक वस्तू फार लवकर घेतो आणि तिचं काडतूस कुठून येतं हे उशिरा विचारतो. शेख ईसांच्या काळातल्या बहारीनकरांनी तो प्रश्न एका एप्रिलमध्ये, एका कागदासमोर बसून विचारला. तोवर बंदुका घरात आल्या होत्या.